शरणपूरचे प्राइस साहेब व त्यांचे आफ्रिकी शिष्य

मुंबईहून हावड्याकडे जाणारा जो लोहमार्ग आपल्या गोंदियावरून पुढे जातो, त्याच मार्गावर पश्चिमेस नाशिक आहे. नाशिक हे हिंदू यात्रेकरूंचे मोठे क्षेत्र. त्या क्षेत्राच्या वेशीबाहेर, पश्चिमेच्या अंगास, चर्च मिशनरी सोसायटीच्या लोकांनी 1854 साली एक लहानसे ख्रिस्ती गाव वसविले व त्यास शरणपूर असे नाव दिले. आज नाशिक शहर इतके पसरले आहे की ते गाव शहराच्या पोटातच आले आहे. परंतु नाव मात्र तसेच राहिले आहे, आणि ज्या गृहस्थाची हकीगत आज सांगावयाची आहे त्याच्या साऱ्या आयुष्याची किल्ली या नावात आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. ते गृहस्थ म्हणजे रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस.

नाशिकास या संस्थेचे काम 1832 सालापासून चालू होते. परंतु जो मनुष्य बाप्तिस्मा घेई त्याची पंचाईत अशी होई की, घर सुटे, जात सुटे आणि त्याबरोबर हातचा धंदाही सुटे. अशा लोकांस केवळ उपदेश करून भागत नाही, हे खेड्यांत काम करणाऱ्या आमच्या उपदेशकांस निराळे सांगावयास नको. प्राइस साहेब एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नाशिकास आले तेव्हा त्यांच्यापुढे हाच प्रश्न होता. राहावयास जागा, करावयास काम, मुलांस शाळा आणि भजनास मंदिर, या चार गोष्टी एके ठिकाणी असाव्यात म्हणून शरणपुराची वस्ती झाली. तेथे अनाथ मुलांचा आश्रम होता, सुतारकाम व लोहारकाम शिकविण्याची सोय होती. विद्या आणि हातचा धंदा ही दोन्ही बरोबर चालावीत, असा तेथील नियम होता.

या वस्तीत 1860 सालापासून एक नवल पाहावयास मिळू लागले. नाशिकच्या लोकांनी पूर्वी कधी पाहिली नव्हती अशी, काळ्याभोर वर्णाची व कुरळ्या केसांची आफ्रिकी मुले व मुली तेथे राहावयास आली. ती कोठून आली, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे.

आफ्रिकेच्या आतल्या भागात न्यासा नावाचे मोठे सरोवर आहे. त्याच्या आसपासच्या गावांवर त्या काळी गुलामांचे व्यापारी धाड घालीत, किंवा एका टोळीस दुसरीवर चढाई करावयास लावून तिने धरलेले लोक विकत घेत. धरलेल्या माणसांच्या मानेत लाकडी जोखड अडकवून त्यांस शेकडो कोस चालवीत समुद्रकिनाऱ्यास आणीत. वाटेत किती मरत याचा हिशेब कोणी ठेवला नाही. जी जगत ती झांजिबारच्या बाजारात उभी केली जात, आणि तेथून गलबतांत दाटीने भरून अरबस्तान व इराणच्या आखाताकडे पाठविली जात. इंग्रज सरकारची लढाऊ जहाजे या गलबतांच्या पाळतीवर असत. गलबत सापडले की त्यातील गुलाम मोकळे करीत. पण मोकळे करून त्यांस सोडावयाचे कोठे? किनाऱ्यावर परत सोडले तर आठ दिवसांत पुन्हा व्यापाऱ्यांच्या हाती लागणार. म्हणून पुष्कळांस मुंबई बंदरात आणीत, आणि त्यांतील लहान मुले मिशनांच्या स्वाधीन करीत. मुंबईत रेव्ह. इझेनबर्ग यांच्या देखरेखीखाली अशा मुलांचा आश्रम चालत असे. तो पुढे शरणपुरास नेण्यात आला.

अशा रीतीने प्राइस साहेब त्या मुलांचे गुरू झाले, आणि गुरूच काय पण आईबापही झाले. त्यांतील कित्येक मुले याओ नावाच्या लोकांपैकी होती. आपले गाव कोणते, बापाचे नाव काय, हे काहींस आठवे, काहींस आठवत नसे. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांस इंग्रजी नावे देण्याची चाल होती. विल्यम हेन्री जोन्स, इश्माएल सेमलर, जॉर्ज डेव्हिड, याकोब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फारार, अशी ती नावे. ही चाल फारशी चांगली होती असे आम्हांस वाटत नाही. ज्या लेकराचे सर्व काही हिरावून घेतले गेले आहे त्याजवळ आईने हाक मारलेले नाव तेवढे राहिले असते तर बरे झाले असते. मॅथ्यूचे जुने नाव चेंग्विंबे असे होते, ते मात्र लोकांच्या आठवणीत राहिले. असो. मुलांनी नाशिकास इंग्रजी लिहिणे-वाचणे शिकले, देशी भाषा शिकल्या, शास्त्राचा अभ्यास केला, करवत व घण चालविणे शिकले. मुली शिवण व घरकाम शिकल्या. गोदावरीच्या काठी वाढलेल्या त्या मुलांस आफ्रिका हळूहळू स्वप्नासारखी झाली असावी.

परंतु आफ्रिकेने त्यांस विसरावयाचे नाकारले. मोंबासा बंदराच्या आतल्या बाजूस राबाई नावाचा डोंगराळ गाव आहे. तेथे क्राफ व रेबमान या दोन जर्मन मिशनऱ्यांनी 1846 साली ठाणे घातले होते. क्राफ प्रकृतीमुळे परत गेले. रेबमान मात्र एकटे राहिले. युरोपियन लोकांत किलिमांजारो पर्वताचे बर्फ प्रथम पाहिले ते यांनीच, 1848 साली. त्यांच्या मदतीस 1864 साली जोन्स व सेमलर हे दोघे तरुण आपापल्या बायकांसह शरणपूरच्या शिक्षणाची शिदोरी घेऊन गेले. पुढे जॉर्ज डेव्हिडही त्या किनाऱ्यावर सेवेस लागले. शरणपुराहून आफ्रिकेस परत जाणाऱ्या मंडळीत ही पहिली होत.

त्यानंतर दोनच वर्षांनी दुसरी टोळी गेली, ती निराळ्या कामास. डॉक्टर डेव्हिड लिव्हिंग्स्टन हे आपल्या शेवटच्या प्रवासाची तयारी करण्यास मुंबईस आले होते. त्या वेळी मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर हे होते, आणि त्यांस शरणपूरच्या आफ्रिकी मुलांविषयी चांगली माहिती होती. लिव्हिंग्स्टन साहेबांबरोबर शरणपूरचे नऊ तरुण जावयाचे ठरले. जानेवारी 1866 मध्ये ते मुंबईहून निघाले. खरे लिहावयाचे तर, आरंभी साहेबांचे या मुलांविषयी फार चांगले मत नव्हते. ही चालण्यास मागे पडतात, ओझे टाकतात, अशी त्यांची तक्रार असे. शाळेत वाढलेल्या मुलांस जंगलातील वाट एकदम साधत नाही. काही सोडून गेले, एक तापाने मेला. तथापि काहीजण सात वर्षे, शेवटपर्यंत, त्या वृद्ध प्रवाशाजवळ राहिले, हेही तितकेच खरे आहे.

पुढे 1872 साली स्टॅन्ली यांनी किनाऱ्यावरून जी मदत पाठविली, तिच्यात शरणपूरचे आणखी सहा तरुण होते. याकोब वेनराइट त्यांपैकी एक. 1873 च्या मे महिन्याच्या आरंभी चितांबो नावाच्या नायकाच्या गावी लिव्हिंग्स्टन गुडघे टेकलेल्या स्थितीत मरण पावलेले आढळले. तेव्हा सुसी, चुमा व इतर सोबत्यांनी जे केले ते जगास ठाऊक आहे. त्यांनी त्यांचे हृदय एका झाडाखाली पुरले, देह सुकविला, सालीत व कापडात बांधला, आणि सुमारे नऊ महिने चालून तो किनाऱ्यास आणला. हृदय पुरले त्या वेळी प्रार्थनापुस्तकातून दफनविधी वाचला तो याकोबाने. झाडावर नाव व तारीख कोरली तीही त्यानेच. 18 एप्रिल 1874 रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबे मंदिरात मोठमोठे लोक जमले असता, पेटीबरोबर चालणाऱ्या आठ मानकऱ्यांत एकच काळा मनुष्य होता. तो शरणपूरच्या शाळेत अक्षरे गिरविलेला याकोब होय.

येथपर्यंत शिष्यांची गोष्ट झाली. आता गुरूकडे वळतो.

सर बार्टल फ्रिअर हे इंग्लंडच्या सरकारतर्फे 1873 च्या आरंभी झांजिबारास पोहोचले. त्याच वर्षीच्या 5 जून रोजी झांजिबारचे सुलतान बरघश यांनी करारावर सही केली, आणि समुद्रमार्गे होणारा गुलामांचा व्यापार व झांजिबारचा बाजार बंद झाला. मात्र यावरून गुलामगिरीच बंद झाली असे कोणी समजू नये. किनाऱ्यावरील अरब व स्वाहिली मालकांजवळ जे गुलाम होते ते गुलामच राहिले. बंदी झाली ती नवीन गुलाम समुद्रातून नेण्यास. हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढील सर्व संकट यातूनच उद्भवले. नव्या करारामुळे लढाऊ जहाजांच्या हाती सापडणाऱ्या मुक्त लोकांस आफ्रिकेतच ठेवण्याची सोय पाहिजे होती. फ्रिअर साहेबांनी सुचविले की, शरणपुरासारखी एक वस्ती मोंबासाजवळ वसवावी, आणि शरणपूरचे शिकलेले आफ्रिकी लोक तिचे पहिले रहिवासी व शिक्षक व्हावेत. मग ती वसविण्यास प्राइस यांच्याहून योग्य मनुष्य कोण सापडणार?

नोव्हेंबर 1874 मध्ये प्राइस साहेब मोंबासास उतरले. दहा वर्षांपूर्वी ज्यांस त्यांनी नाशिकाहून पाठवून दिले होते, त्यांतील माणसे त्यांस तेथे भेटली. पाठवून देते वेळी ती नुकती संसारास लागलेली तरुण मंडळी होती. आता ती अनुभवाने पोक्त झाली होती. किनाऱ्यावरील भाषा व रीतिभाती त्यांस ठाऊक होत्या, आणि गुरूस त्या काहीच ठाऊक नव्हत्या. जॉर्ज डेव्हिड यांच्यासारख्या जुन्या शिष्याच्या मदतीवाचून प्राइस यांस त्या परक्या मुलुखात एक पाऊलही टाकता आले नसते. शिष्याने गुरूस वाट दाखवावी व गुरूने शिष्यामागून चालावे, असा तो प्रसंग होता. आपल्याकडेही असे घडते. आमगाव, देवरी, तिरोडा या बाजूच्या आमच्या एखाद्या शिक्षकाचा विद्यार्थी पोटापाठीमागे दूर शहरात जातो, आणि पुष्कळ वर्षांनी शिक्षकास त्या शहरात जावे लागले म्हणजे त्याच विद्यार्थ्याचे बोट धरून रस्ता ओलांडावा लागतो.

राबाईस जाऊन प्राइस साहेबांनी रेबमान यांची भेट घेतली. एकोणतीस वर्षे एकाच ठिकाणी काढून तो म्हातारा आंधळा झाला होता. पुढल्या वर्षी, 1875 साली, तो आपल्या जन्मभूमीस परत गेला व 1876 मध्ये मरण पावला. त्याच्याजवळ फार मोठी मंडळी नव्हती. थोडी माणसे होती, पण ती पक्की होती.

मोंबासा हे बेट आहे. त्याच्या समोर, खाडीपलीकडे, किसाउनी येथे प्राइस यांनी जमीन विकत घेतली व वस्तीस फ्रिअर साहेबांचे नाव दिले. तेव्हापासून तिला फ्रिअर टाऊन म्हणतात. क्राफ यांची पत्नी व तान्हे मूल 1844 साली त्याच भागात मातीस मिळाली होती. त्यांच्या कबरीजवळच ही नवी वस्ती उभी राहिली. रान तोडणे, विहिरी खणणे, झोपड्या बांधणे ही कामे चालू झाली, आणि शरणपुरात शिकलेले सुतारकाम व लोहारकाम तेथे उपयोगास आले. शरणपूरचा आफ्रिकी आश्रम आता बंद झाला, आणि मुंबई व नाशिककडून सुमारे 150 आफ्रिकी लोक, बायकामुलांसह, मोंबासाकडे गेले. त्यांस तेथे मुंबईकर आफ्रिकी असेच म्हणू लागले. पुढे 1875 च्या सप्टेंबरात लढाऊ जहाजाने मुक्त केलेल्या गुलामांची पहिली मोठी टोळी वस्तीत आणून सोडली. ती माणसे हाडे उरलेली, भ्यालेली, आपणांस पुन्हा विकण्यास आणले आहे अशा समजुतीची असत. त्यांस धीर देण्यास शरणपूरच्या लोकांसारखे दुसरे कोण? त्या प्रत्येकाने लहानपणी तेच गलबत, तीच दाटी व तेच भय सोसले होते.

वस्तीत एक मोठी घंटा टांगली होती. गुलाम पकडणारे येत आहेत अशी खबर लागली की ती वाजवीत. तिच्यावरून त्या जागेस आजही स्वाहिली भाषेत केंगेलेनी, म्हणजे घंटेची जागा, असे म्हणतात.

प्राइस साहेब 1876 साली परत गेले, आणि मग वस्तीत बिघाड सुरू झाला. मुंबईकर आफ्रिकी लोक शिकलेले होते, इंग्रजी बोलत होते, धंदे जाणत होते. त्यांस वाटे की आपणांस विचारात घेतले जावे व कामाप्रमाणे मोबदला मिळावा. युरोपियन कामदारांपैकी कित्येकांस वाटे की हे गुलामांच्या गलबतातून काढलेले लोक. यांनी सांगितले तेवढे करावे. फ्रिअर टाऊनमध्ये शिस्तीच्या नावाखाली फटक्यांची शिक्षा होऊ लागली, आणि गोष्ट इंग्रज सरकारच्या वकिलापर्यंत गेली. मिशनाच्या इतिहासातील हा काळा डाग आहे, आणि तो झाकून ठेवल्याने कोणाचे हित होणार नाही. चौकशी झाली, आणि संस्थेने 1881 साली प्राइस यांस दुसऱ्या वेळी तिकडे पाठविले. ज्या मुलांस जोखडातून सोडविलेले त्यांनी पाहिले होते, त्या मुलांच्या वस्तीत मिशनाच्याच हातचे फटके पडले होते, हे पाहून त्या मनुष्याच्या काळजाचे काय झाले असेल, त्याची कल्पना वाचकांनीच करावी. ते काही महिने राहिले, व्यवस्था पुष्कळशी सुधारली, आणि परत गेले.

या दुसऱ्या व तिसऱ्या भेटीच्या मध्यंतरी विल्यम जोन्स यांच्या हातून जे काम झाले ते येथे सांगितलेच पाहिजे. बिशप हॅनिंग्टन यांनी 1885 च्या मे महिन्यात जोन्स व सेमलर या दोघांस डीकन नेमले. त्या मुलुखात अशी दीक्षा मिळालेले हे पहिले आफ्रिकी लोक. त्याच जुलैत बिशप साहेब युगांडाकडे जमिनीच्या नव्या वाटेने निघाले, व जोन्स यांस सोबत घेतले. व्हिक्टोरिया सरोवर जवळ आले तेव्हा त्यांनी जोन्स यांस बहुतेक माणसांसह मागे ठेवले व स्वतः पन्नास माणसे घेऊन पुढे गेले. 29 ऑक्टोबर 1885 रोजी युगांडाचा राजा म्वांगा याच्या हुकुमाने बिशप साहेबांचा वध झाला. जोन्स वाट पाहात बसले होते. खून झाल्याची बातमी कळल्यावरही ती खोटी ठरेल या आशेने ते काही आठवडे तेथेच थांबले. मग सर्व तांडा सांभाळून, उपाशी व अर्धवट आजारी माणसे घेऊन, मसाई लोकांच्या मुलुखातून शेकडो मैल चालत ते 1886 च्या फेब्रुवारीत राबाईस पोहोचले. तांड्यापुढे एक निळे निशाण होते व त्यावर पांढऱ्या कापडाने ईखाबोद हे एकच नाव शिवले होते. ज्यांनी शमुवेलाचे पहिले पुस्तक वाचले आहे त्यांस त्या नावाचा अर्थ कळेल. लहानपणी स्वतः गुलामांच्या तांड्यात हाकला गेलेला मनुष्य आता दुःखितांच्या तांड्याचा पुढारी होऊन परत आला.

प्राइस साहेब तिसऱ्या वेळी मोंबासास आले ते 1888 साली. या वेळेस वय झाले होते. आणि त्यांची जी सर्वांत कठीण भेट ती याच वेळी झाली.

गोष्ट अशी होती. किनाऱ्यावरील मालकांचे गुलाम पळून राबाईच्या डोंगरात येत. मार खाल्लेले, बायको विकली गेलेले, उपाशी ठेवलेले, असे एकेक करून ते येत. मिशनाने सुलतानाच्या अधिकाऱ्यांस वचन दिले होते की पळून आलेल्या गुलामांस आम्ही आपल्या वस्तीत घेणार नाही. कारण देशाच्या कायद्याने ते मालकांचेच होते, आणि वचन मोडले असते तर मालकांनी साऱ्या मिशनावर हल्ला केला असता. हे वचन कागदावर होते. राबाईस मात्र जोन्स व त्यांच्यासारखे शरणपूरचे लोक सेवा करीत होते. रात्री दाराशी येऊन उभ्या राहिलेल्या माणसास परत जा असे सांगणे त्यांच्या जिभेस कसे जमावे? ते कोणास बोलावीत नसत, पण आलेल्यास घालवीतही नसत. फरारी लोकांनी जवळपास झोपड्या घातल्या, मळे केले, शिक्षण घेण्यास बसू लागले, कित्येकांचा बाप्तिस्माही झाला. नवे कोण, जुने कोण, हे ओळखणे कठीण झाले.

1888 च्या अखेरीस मालकांचा संताप कमालीचा वाढला. दक्षिणेकडील जर्मनांच्या ताब्यातील किनाऱ्यावर लोकांनी बंड केले होते, आणि त्याची ठिणगी मोंबासाकडे पडण्याचे भय होते. मालक म्हणू लागले की मिशनाने आमचे गुलाम चोरले. फरारी लोकांची मोजणी झाली तेव्हा आकडा शेकड्यांवर गेला. प्राइस साहेब वचनाचे पक्के. ज्या मिशनाच्या नावाने शब्द दिला गेला त्याचा शब्द आपल्याच लोकांनी पाळला नाही, याचे त्यांस फार दुःख झाले. कायदा, करार, शेजाऱ्यांशी शांतता, या गोष्टी त्यांस क्षुल्लक वाटत नव्हत्या, आणि वाटावयासही नको होत्या. हल्ला झाला असता तर फ्रिअर टाऊनमधील मुक्त झालेली बायकामुलेच प्रथम मारली गेली असती. दुसऱ्या बाजूस तेच शिष्य होते, ज्यांस त्यांनी शरणपुरात, त्या नावाच्या गावात, वाढविले होते. शिष्यांनी गुरूचा हुकूम मोडला होता खरा. पण हुकूम मोडून त्यांनी जे केले, ते नाशिकास त्यांच्याच बाबतीत गुरूने केलेल्या गोष्टीहून वेगळे होते काय? आमचे मत विचाराल तर, दोघांपैकी कोणासही दोष देण्याचे धैर्य आम्हांस होत नाही. मात्र एवढे म्हणतो की, धनी लोकांच्या हवाली करण्याकरिता त्या माणसांस बाहेर काढावे लागले असते, तर ती गोष्ट जोन्स यांच्या हातून झाली नसती, आणि प्राइस यांस ती आपल्या डोळ्यांनी पाहवली नसती.

सुदैवाने तशी वेळ आली नाही. त्याच सुमारास पूर्व आफ्रिकेत नव्याने स्थापन झालेल्या इंग्रज कंपनीतर्फे जॉर्ज मॅकेंझी हे गृहस्थ मोंबासास आले. ते व्यापारी होते, पण धोरणी. त्यांनी पाहिले की गुलाम परत दिले तर मिशनाची व इंग्रजांची अब्रू जाते, आणि न दिले तर युद्ध पेटते. त्यांनी मालकांस बोलावून तिसरा मार्ग काढला. प्रत्येक फरारी मनुष्याबद्दल मालकास ठरीव रक्कम द्यावयाची, आणि मालकाने त्यावरील हक्क कायमचा सोडावयाचा. राबाईबरोबर आसपासच्या दुसऱ्या मिशनांच्या वस्त्यांतील फरारी लोकही या हिशेबात धरले गेले. एकूण सुमारे 1,400 माणसे झाली, आणि खर्च सुमारे 3,500 पौंड आला. तो कंपनीने, इंग्रज सरकारने, संस्थेने व गुलामगिरीविरुद्ध झटणाऱ्या मित्रांनी मिळून उचलला. माणसाची किंमत पैशांत मोजून द्यावी लागली, हे कोणास खटकेल. परंतु त्या 1,400 जणांपैकी एकासही ते खटकले असेल असे वाटत नाही.

1 जानेवारी 1889 रोजी राबाईस मुक्ततेचे दाखले वाटण्याचा समारंभ झाला. एकेकाचे नाव पुकारीत व त्याच्या हाती कागद देत. कित्येकांस तो वाचता येत नव्हता. तो कागद कशाचा आहे हे मात्र साऱ्यांस ठाऊक होते. पूर्वी ज्याने स्वतः झांजिबारकडील वाट साखळीने चालली, तो विल्यम जोन्स त्या डोंगरावर आपल्या लोकांसह होता. ज्याने त्यास नाशिकास पहिला धडा दिला, तो म्हातारा गुरूही त्याच किनाऱ्यावर होता. दोघांत काही अढी राहिली असल्यास त्या दिवशी ती किती उरली, हे परमेश्वर जाणे.

प्राइस साहेबांनी या तिसऱ्या भेटीचा वृत्तांत पुढे 1890 साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. मोंबासाची भूमी सोडून ते इंग्लंडास गेले. याकोब वेनराइट इंग्लंडाहून आफ्रिकेस परत आला होता. त्याने पुढे युगांडात व नंतर आतल्या भागातील उरांबो येथे दिवस काढले, आणि तो 1892 साली मरण पावला. त्याच्या पदरी मानमरातब फारसा पडला नाही. जोन्स यांचेही पुढे संस्थेशी मतभेद झाले. आफ्रिकी सेवकांस समान वागणूक मिळत नाही ही त्यांची तक्रार होती, आणि ती निराधार नव्हती.

शरणपूरच्या त्या मंडळीतील सर्वांत दीर्घायुषी ठरला तो मॅथ्यू वेलिंग्टन. लिव्हिंग्स्टन साहेबांचा देह वाहून आणणाऱ्यांपैकी तो एक. त्याने नंतर मोंबासास सरकारी बांधकामात पुष्कळ वर्षे नोकरी केली. त्याच्या हयातीत मोंबासास आगगाडी आली, 1907 साली गुलामगिरीचा कायदाच रद्द झाला, आणि फ्रिअर टाऊनच्या घंटेस धोक्याची सूचना देण्याचे काम उरले नाही. चेंग्विंबे या नावाने जन्मलेला, नाशिकास वाढलेला हा म्हातारा 1935 साली मोंबासास वारला.